डॉक्टर टिपणीसांच्या गाडीतला आवाज

डॉक्टर टिपणीसांच्या गाडीत बसायचं तर आधी वजन करून घ्यावं लागे.

दवाखान्यातल्या काट्यावर उभं करून ते आकडा बघत आणि "चालेल" किंवा "नाही चालणार" असं सांगून टाकत. त्यात पास झालात की दुसरी परीक्षा. "हात पुढे करा." दोन्ही मनगटं उलटीसुलटी बघून घड्याळ काढायला लावत. मग किल्ल्या, सुटी नाणी, तपकिरीची डबी, सगळं कंपाउंडरच्या टेबलावर. एवढं झाल्यावर त्या हिरव्या टू-सीटरचं वीतभर दार उघडून म्हणत, "बसा. आणि आता बोलू नका." ठाण्याच्या तुरुंगात आत जातानाही इतकी झडती होत नसेल, असं मी एकदा म्हणालो. "बोलू नका म्हटलं ना?" एवढंच उत्तर मिळालं.

ही गाडी त्यांनी एका साहेबाकडून घेतली होती. देश स्वतंत्र झाला, साहेबाने गाशा गुंडाळला आणि जाताना ही ब्याद डॉक्टरांच्या गळ्यात मारली, असं आमच्या नौपाड्याचं मत. उघडी, बुटकी, पुढे लांबलचक नाक आणि बसायला जागा दोघांनाच. "अहो, पण पाहुणे आले तर?" असं त्यांच्या पत्नीने, सुमतीबाईंनी, विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "म्हणूनच घेतली." मूलबाळ नव्हतं. दोघांना दोघांची गाडी पुरत होती.

रविवारी संध्याकाळी ही जोडी डोंबिवलीला डॉक्टरांच्या बहिणीकडे निघे. डॉक्टर डोक्याला हॅट घालून ताठ बसलेले, शेजारी नऊवारीतल्या सुमतीबाई, पदर दातांत धरलेला आणि दोन्ही मनगटांना पांढरा रुमाल घट्ट गुंडाळलेला. या रुमालावर आळीतल्या बायकांनी फार डोकं चालवलं. कोणी म्हणे हात भाजलेत. कोणी म्हणे गाडी उडते म्हणून डॉक्टर बांधून नेतात. आमच्या हिने तर सरळ विचारायचंच ठरवलं होतं. ते राहून गेलं. एका पावसाळ्यात सुमतीबाई विषमज्वराने गेल्या. घरात डॉक्टर असून गेल्या.

पुढे किती तरी दिवस गाडी ताडपत्रीखाली होती. मग डॉक्टर ती एकटेच काढू लागले. एकदा ते कळव्याला एका आजाऱ्याकडे निघाले होते आणि मलाही तिकडेच काम होतं. "बसा," म्हणाले. तेव्हा वजनबिजन काही नव्हतं. पुलावर चढलो आणि डावीकडून, माझ्या बाजूने, आवाज आला. कुटुक्.

डॉक्टरांनी असा ब्रेक मारला की माझं कपाळ काचेवर आपटलं.

"काय वाजलं?"

"मी नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"हात दाखवा."

मला वाटलं नाडी बघतायत. पण ते माझ्या मनगटांकडे टक लावून बसले. मनगटं मोकळी होती. सासऱ्यांनी लग्नात कबूल केलेलं घड्याळ अजून यायचं होतं. मागून एक टांगेवाला शिव्या घालत होता, तरी डॉक्टर हलेनात. मग गाडी परत पुलाच्या तोंडाशी नेली आणि पुन्हा चढवली. कुटुक्. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गाडीच्या आवाजाने माणूस इतका घाबरतो हे मी प्रथमच बघत होतो.

त्या दिवसापासून डॉक्टर त्या आवाजाच्या मागे लागले. "आधी निदान, मग औषध," हे त्यांचं आयुष्यभराचं पालुपद. गाडी गेली हिराजीकडे. हिराजी चेंदणीचा कोळी, अंगाने पैलवान. होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता मोटारींत शिरलेला. तो डावीकडे बसला, कळव्यापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "डागतर, मना त कायच आयकू नाय येत. गारी बेस हाय!" दाताच्या डॉक्टरकडे गेल्यावर दाढ दुखायची थांबते, तसं हे झालं. हिराजी उतरला, मी चढलो. कुटुक्. मी उतरलो, डॉक्टर एकटे गेले. आवाज नाही.

मग डॉक्टरांच्या डोक्यात वजनाचं आलं. शेजारी कोणी नसेल तर वाजत नाही, धिप्पाड माणूस असेल तर वाजत नाही, फक्त माझ्यासारखं पाप्याचं पितर बसलं की वाजतं. झालं! जो रोगी काट्यावर माझ्या आसपास भरेल तो गाडीत. खोकला घेऊन आलेला माणूस कळव्याची हवा खाऊन परत येई आणि औषधाचं तेवढं राहून जाई. रोगी दुसऱ्या दवाखान्यात जायला लागले. कंपाउंडर रडकुंडीला आला. त्यांची डोंबिवलीची बहीण एकदा मला गाठून म्हणाली, "दादाला काही तरी सांगा हो. रात्र-रात्र झोपत नाही. ती गाडी विकून टाक म्हटलं तर अंगावर येतो."

मी सांगून बघितलं. "डॉक्टर, एवढ्याशा आवाजाने गाडीचं काय बिघडतंय?"

"गाडीचं काही बिघडत नाहीये," ते म्हणाले. "पण तो आवाज कसला ते मला कळलंच पाहिजे. त्याशिवाय मला चैन नाही."

शेवटी एका रविवारी सकाळी दवाखान्यासमोरच ऑपरेशन झालं. मी डावीकडे बसलेला. हिराजी आणि कंपाउंडर मागचा भाग दाबून गाडीला हेलकावे देतायत. खाली चटई टाकून डॉक्टर उताणे, कानाला स्टेथोस्कोप, त्याचं दुसरं टोक गाडीच्या पोटाला. सारी आळी गॅलऱ्यांत जमलेली. "हं, श्वास घ्या!" डॉक्टर सवयीने ओरडले आणि लगेच म्हणाले, "गाढवांनो, हलवा गाडी!" लोक हसून लोटपोट झाले. डॉक्टर नळी इंच-इंच सरकवत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांबा. इथे आहे."

मागच्या डाव्या चाकाची कमान, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, गाडीला जिथे टांगलेली असते, तिथे रबराचं एक कडं असतं. त्याला बुश म्हणतात. ते झिजून सैल झालं होतं. गाडी हलकी असली तर कमान एका अंगाला टेकून राहायची, जड माणूस बसला की दाबून घट्ट बसायची, आणि मधल्या वजनाला खेळायची, वाजायची. हिराजीने नवीन बुश ठोकून बसवला. आम्ही पुलावर जाऊन आलो. काही म्हणजे काही वाजलं नाही. आळीने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते जुनं रबर मुठीत धरून मला म्हणाले, "जरा आत या."

सुमतीबाई गेल्यापासून दवाखान्यामागच्या त्या घरात मी प्रथमच पाऊल टाकत होतो. भिंतीवर त्यांचा फोटो, खाली फळीवर जास्वंदीचं फूल. डॉक्टरांनी ते काळं, तेलकट, झिजलेलं रबर त्या फुलाशेजारी ठेवलं.

"ती बसली की वाजायचं," ते म्हणाले. "'अहो, काहीतरी वाजतंय हो,' म्हणायची. मी एकटा जाऊन बघायचो तर काही नाही. मी म्हटलं, तुझ्या बांगड्या वाजतात. तेव्हापासून बिचारी गाडीत बसताना बांगड्यांवर रुमाल बांधायला लागली. तरी वाजायचंच. मी इतका चिडलो, की पुढे तिने सांगायचंच सोडलं. आवाज आला की नुसती माझ्याकडे बघायची."

डॉक्टरांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि फोटोकडे बघत म्हणाले, "निदान चुकलं होतं गं माझं."

त्यानंतर काटा रोग्यांपुरता उरला. मला गाडीतून फिरायला मिळेनासं झालं याचं मला खरंच वाईट वाटलं. डॉक्टर पुन्हा एकटे जाऊ लागले. डोंबिवलीलासुद्धा.

पुढे काही दिवसांनी आमच्या हिचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "चालवू नका यांना. मी गाडीतून सोडतो, तुम्ही सायकलवरून मागून या." मी हिला टेकू देऊन गाडीत बसवलं. ती रुमालाची गोष्ट मी हिला कधीच सांगून टाकली होती. दार लागलं तशी ही कोणी न सांगताच दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सारून घट्ट बसवायला लागली.

डॉक्टरांनी ते पाहिलं. गाडी सुरू करायला नेलेला हात तसाच राहिला.

"वहिनी," ते म्हणाले, "राहू द्या. वाजू देत."

नौपाड्याच्या खडबडीत रस्त्यावरून गाडी निघाली, सायकलच्या चालीने, अगदी हळू. मी मागून पायडल मारत होतो आणि मला हिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. आमचं घर आलं, तरी डॉक्टरांनी गाडी थांबवली नाही. तशीच तलावपाळीकडे वळवली.