महाभेदक, भाग नऊ : त्रुटीसह परत

पुस्तकाबद्दल मत देण्यासाठी ते आधी वाचावं लागतं, हा समज समाजात अजूनही तग धरून आहे. आमच्या इंदिरानगरच्या वाचनालयाने मात्र त्याला कधी थारा दिला नाही. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर किमान एक अनुकूल अभिप्राय असेल तरच पुस्तक कपाटात राहतं, असा नियम आहे. नियम कडक आहे, म्हणूनच तो पाळायला सोपा जावा याची सोय समितीने करून ठेवली आहे.

त्या सोयीचं नाव धोंडीराम आप्पा. आप्पा आमचे अध्यक्ष, मूळचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी. ढिगात एकदा हात घालून अख्ख्या ट्रॅक्टरबद्दल मत देण्याची त्यांची चाळीस वर्षांची साधना आहे. तोच हात ते पुस्तकावर ठेवतात आणि चिठ्ठीवर आपल्या अहिराणीत लिहितात, "चांगलं शे." आजवर ९,२१४ पुस्तकं त्यांनी अशी तपासली. सरासरी वेळ पुस्तकामागे चार सेकंद (कोशाचे खंड जड, म्हणून सहा). नापास पुस्तकं शून्य. इतका समदर्शी वाचक जिल्ह्यात दुसरा नसावा. (मी समितीचा सचिव. सचिवाला इतिवृत्त लिहायचं असतं, त्यामुळे माझ्या वाचनाचा प्रश्न उद्भवत नाही.)

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना ग्रंथपाल रूपालीताईंनी कॉमिक्सचं कपाट सुरू केलं. उडणारे महाबली आणि न उडणारी भुतं, मिळून त्रेचाळीस कोरी पुस्तकं. आप्पांनी त्यांच्यावर हात ठेवायला नकार दिला. चित्रांची पुस्तकं पोरासोरांची, मोठ्या माणसाने त्यावर मत देणं शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्या कपाटात समितीला मिळालेली सन्मानचिन्हं ठेवायची होती. (ती 'वाचनसंस्कृतीच्या जोपासनेबद्दल' मिळाली आहेत.)

अखेर ठरलं की या पुस्तकांवर वाचकांनीच मत द्यावं. शोधाअंती वाचक एक निघाला. सावळीराम काका, वय चौऱ्याहत्तर, एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं फायलींमधल्या त्रुटी काढून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जातो म्हणून घरातून निघत आणि पांढऱ्या बुटांसकट आमच्याकडे येऊन कॉमिक्स वाचत बसत. व्यायामाने सासऱ्यांचा चेहरा किती खुलला, असं सूनबाई कॉलनीभर सांगत.

महिनाभरात काकांनी त्रेचाळीस चिठ्ठ्या भरल्या. नमुन्यादाखल तीन देतो.

'महाभेदक, भाग नऊ : पुन्हा अंत' : "नायक चौथ्यांदा मरण पावला आहे. यापूर्वीचे तीन मृत्यू रद्द केल्याचा आदेश जोडलेला नाही. मयत इसमाने पान ३१ वर पूल उचलला, तो कोणत्या अधिकारात? उचललेला पूल परत कुठे ठेवला, याचाही खुलासा नाही. त्रुटीसह परत."

'महाभेदक विशेषांक : पाच विश्वं' : "पाच विश्वांतून पाच महाभेदक आले व आपसात लढले. पाचही जणांचा चेहरा, जन्मतारीख व आईचं नाव एकच. आईला पूर्वसूचना दिली होती काय? पाचवा का रडला याचं कारण नमूद नाही. पान ४४ वर वाचकासही रडू आलं, याचंही कारण नमूद नाही. त्रुटीसह परत."

'तिसऱ्या मजल्यावरची' (भयकथा) : "हडळ सदर फ्लॅटच्या जागेत नव्वद वर्षं राहते. भाडेकरूंचा करार अकरा महिन्यांचा. घुसखोर कोण, हे ठरल्याशिवाय घाबरायचं कुणाला? घाबरून पळालेलं कुटुंब मोबाइलचा चार्जर न्यायला परत आलं, एवढं मात्र पटतं. पान १८ नंतर वाचकास वाचनालयाचा जिना एकट्याने उतरवला नाही. त्रुटीसह परत."

रविवारी सकाळी सभा झाली. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस अभिप्राय प्रतिकूल. असा स्वच्छ निकाल आमच्याकडे प्रथमच लागला. कॉमिक्स रद्दीत काढावीत, असा ठराव मी लिहायलाही घेतला.

"अहो काका," रूपालीताईंचा आवाज चढला, "रोज पुस्तकात डोकं खुपसून बसता आणि असं लिहिता? आता जातील ना सगळी!"

काका उभे राहिले. बुटाची नाडी सुटली होती, तिच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"जातील म्हणजे? ताई, एकतीस वर्षांत ज्या फायलीत माझा जीव रमला, तिच्यावर मी त्रुटी काढली. त्रुटी काढली की फाइल परत येते. 'मान्य' लिहिलं की गेली, कायमची. न वाचलेल्या सगळ्या फायलींवर मी 'मान्य' लिहायचो. महाभेदकाच्या दहाव्या भागाची वाट बघतोय मी. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घेतो त्या कशासाठी, वाटतं तुम्हाला?"

कार्यालयांत ज्यांचे कागद वर्षानुवर्षं परत आले होते, असे तीन सदस्य आपल्यावर कुणीतरी इतकं प्रेम केलं होतं, या विचाराने हळवे झाले.

आप्पा हळवे झाले नाहीत. पण रद्दीत द्यायची वस्तू अध्यक्षांनी पाहून द्यावी, असा नियम आहे. त्यांनी 'तिसऱ्या मजल्यावरची' घेतलं, हात ठेवला, आणि काय झालं कोण जाणे, उघडलं. चार सेकंद गेले. सहा गेले. चहा आला, गार झाला, परत गेला. चाळिसाव्या मिनिटाला आप्पांनी मान वर केली.

"कडी तर आतून लावेल शे. मग ही बया घरात आली कशी?"

"पुढच्या भागात कळेल," काका म्हणाले.

"तो कुठे शे?"

"यायचाय. कपाट राहिलं तर येईल."

आप्पांनी पेन काढलं आणि काकांच्या चिठ्ठीखाली आयुष्यातली पहिली त्रुटी लिहिली. कडीबद्दलची. मग मला म्हणाले, "ठराव फाड."

फाडला. त्याजागी नवा ठराव झाला की ज्या पुस्तकावर एकही त्रुटी नाही, ते न वाचलेलं समजावं आणि कुणी वाचेपर्यंत जिन्याखाली ठेवावं. त्याप्रमाणे ९,२१४ पुस्तकं जिन्याखाली गेली. सन्मानचिन्हांवरही कुणाची त्रुटी नव्हती, तीही गेली. सकाळी पांढरे बूट घालून येणाऱ्यांची संख्या आता एकवरून सतरावर गेली आहे (जॉगिंग ट्रॅक ओस पडत चालल्याची तक्रार आली आहे, ती विचाराधीन आहे).

राहता राहिली ही कथा. नियमानुसार तिलाही चिठ्ठी चिकटवली आहे. वाचून झाल्यावर आपण काय म्हणणार, हे आम्ही जाणून आहोत. 'छान आहे' म्हणणार आणि चार जणांना पाठवणार.

हरकत नाही. जिन्याखाली अजून जागा आहे.