नऊ नंबरची जागा

स्प्रॅगच्या दुकानात खिळे, रंग, कोंबड्यांचं खाद्य, बर्फाची फावडी आणि गेलन कोरीचा सल्ला एवढ्या गोष्टी बारा महिने मिळायच्या. त्यातला सल्ला फुकट होता. तीस वर्षं गेलन त्याच काउंटरमागे उभा होता, आणि अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या उत्तरेच्या टोकाला कुणाच्या मनात अस्वलाच्या शिकारीचं आलं, की माणूस आधी गेलनला विचारायचा आणि मग बायकोला. वारा कुठून हवा, आमिषाच्या पिंपात काय टाकावं, मचाणावर शिंक आली तर काय करावं, सगळं त्याला तोंडपाठ.

आता आपल्यात म्हणून सांगतो, गेलनने जन्मात एक अस्वल मारलं नव्हतं. तो शिकारीला म्हणून कधी जंगलात गेलाच नव्हता. सकाळचं गिऱ्हाईक जे सांगून जाई, ते तो संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला सांगे, एवढंच. बरं, खोटंही बोलत नसे बिचारा. "मी मारलं" असं तो एकदाही म्हणाला नाही. "आता ते चाळीस पावलांवर आलेलं असतं बघ..." एवढं म्हणून तो गप्प बसायचा आणि शून्यात बघायचा. पुढचं अस्वल समोरचा माणूस आपलं आपणच मारून घ्यायचा.

जूनमधल्या एका शनिवारी दुकानाचा मालक लिंडन स्प्रॅग याने केक आणला, गिऱ्हाइकांना गोळा केलं आणि गेलनच्या हातात एक पाकीट ठेवलं. लिंडन आडदांड माणूस, आवाज त्याहून आडदांड, आणि शिकारीच्या गोष्टीत गेलनच्या बरोबरीने बोलणारा.

"तीस वर्षं लोकांना शिकवलंस," तो म्हणाला, "पण स्वतःला सुट्टी घेतली नाहीस. म्हणून दुकानातर्फे तुला, लोकांना शिकारीला नेते त्या व्हर्ना मिशोकडे, सहा दिवसांची अस्वलाची शिकार. राहणं, खाणं, गाईड, सगळं आलं त्यात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेलनच्या तोंडात केक होता, तो तसाच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या.

घरी त्याची बायको कोरीन हसून हसून खुर्चीत बसली. "गेल्या वर्षी पक्ष्यांचे दाणे खायला अस्वल आलं तेव्हा तू काय केलंस, आठवतं का?"

"आठवण करून द्यायची गरज नाही."

"न्हाणीघरात जाऊन कडी लावलीस. मला बाहेर ठेवून."

"कोरीन, ही चेष्टा नाही. मला काउंटरमागे दुसरं काय येतं? रंग मिसळायला मशीन आहे. माणसं माझ्याकडे येतात ती या एका गोष्टीसाठी. हे कळलं तर उद्यापासून मला खिळा कुठला घ्यावा हेसुद्धा कुणी विचारणार नाही."

"मग सांगून टाक, तब्येत बरी नाही म्हणून."

हे त्याला पटलं. व्हर्नाने दोन पानी अर्ज पाठवला होता. नेम उजव्या हाताने की डाव्या, उंचीची भीती आहे का, औषधं कोणती, घोरता का, आणि शेवटी अस्वलाच्या कातड्याचं काय करायचं. गेलनने रात्रीचं जेवण बाजूला सारून अर्ज भरला. गुडघे गेलेले. उंचावर चक्कर. सतत खोकला. दर अर्ध्या तासाला लघवी. एका जागी बसवत नाही.

"घोरण्याचंही लिही," कोरीन म्हणाली. "एक तरी खरं असू दे."

असा माणूस शिकारीला न्यायचा म्हणजे व्हर्नाला दवाखानाच काढावा लागला असता. गेलन निवांत झाला. चार दिवसांनी तिचा फोन आला, तो दुकानात, आणि उचलला लिंडनने. सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"काही काळजी करू नका," व्हर्ना म्हणाली. "मचाणावर चढायला नको त्यांना. जमिनीवर फांद्यांचं लपण बांधून देते. खुर्ची टाकून आरामात बसतील."

"आणि अस्वल किती लांब?" गेलनने विचारलं.

"मचाणावरून तीस पावलं असतं. खाली बसल्यावर पंधरा. तुमच्या वयाला सोपं पडेल. फक्त अशा तब्येतीत एकट्याला बसवणार नाही मी. सोबत कुणीतरी हवं."

"मी आहे ना," लिंडन म्हणाला, आणि म्हणाल्यावर जरा थांबला. पण दुकानात सात माणसं ऐकत होती. "म्हणजे मी आहेच. गेलनकडून चार गोष्टी शिकेन."

म्हणजे आजारी पडून गेलनने काय मिळवलं, तर अस्वल पंधरा पावलं जवळ आणलं आणि वर एक साक्षीदार जोडून घेतला.

जुलैत त्याने परवानाच काढायचा नाही असं ठरवलं. विसरलो म्हणून सांगता आलं असतं. पण परवाने मिळायचे याच दुकानात, आणि लिंडनने तो गेलनच्या नावाने काढून आपल्या टेबलाच्या खणात जपून ठेवला होता. त्याच आठवड्यात त्याने रंगाच्या डब्यांची एक अख्खी फळी हलवली, मोकळ्या भिंतीवर दोन दणकट खिळे मारले आणि मध्ये पाटी लावली: गेलनचं अस्वल येथे. गिऱ्हाइकं येऊन हाताने माप घेऊ लागली.

"नुसतं डोकं की पूर्ण अस्वल?" एकाने विचारलं.

"बघू," गेलन म्हणाला. "त्याची मर्जी."

लोक यावरही हसले. असल्या उत्तरांमुळेच तर त्याचं नाव झालं होतं. गेलनला मात्र अन्न जाईना. पट्टा दोन भोकं आत गेला, आणि दुकानात सगळे म्हणू लागले की बघा, शिकारीसाठी अंग कमी करतोय.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तो काही न बोलता गाडीत बसला आणि थेट व्हर्नाच्या दारात गेला. साठीची बाई, मनगटं लोहारासारखी. अंगणात उभी राहून ती अस्वलांच्या आमिषासाठी शिळ्या डोनटच्या ढिगावर काकवी ओतत होती. गेलन पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. सकाळचं गिऱ्हाईक, संध्याकाळचं गिऱ्हाईक, न्हाणीघर, कडी, खिळे, सगळं. व्हर्ना ढवळत राहिली.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं. आता तुम्ही हसा."

"हसू कशाला? दर वर्षी तुमच्यासारखे आठ-दहा येतात. कुणाला जावयाने पाठवलेलं असतं, कुणी स्वतःच बोलून बसलेला असतो." तिने हात पुसले आणि त्याला आत नेलं. भिंतीवर जंगलाचा नकाशा होता, त्यावर टाचण्या. एका टाचणीवर तिने बोट ठेवलं. "ही नऊ नंबरची जागा. ओढ्याकाठी आहे, सावली आहे, डासही कमी. अकरा वर्षं झाली, तिथे एक अस्वल फिरकलेलं नाही."

"का?"

"ते त्यांनाच विचारा. मी आमिष नेमाने ठेवते, कायद्याने सगळं चोख आहे. रॅकून, ती मांजराएवढी चोरटी जनावरं, खाऊन जातात. पण ज्यांना शिकारीला जाऊन आलो एवढंच घरी दाखवायचं असतं, त्यांना मी तिथे बसवते. परत आलात की म्हणायचं, ऐन वेळी वारा फिरला. त्यापुढे कुणी विचारत नाही."

गेलनला इतकं हलकं वाटलं की त्याने तिचा चिकट हात दोन्ही हातांत धरला. दोन महिन्यांनी त्याला पहिल्यांदा भूक लागली. "मग मला तीच जागा द्या."

"ती नाही मिळायची. तुमच्याच आठवड्यात कुणीतरी आधी घेतलीय."

गेलन परत खाली बसला. "कोण?"

"नावं नाही सांगत मी. धंद्याचा नियम आहे." व्हर्नाने वही उघडली, बघितलं आणि तिच्या तोंडावर हसू यायला लागलं. "मात्र त्याने दोन खुर्च्या सांगितल्यात. जूनमध्येच फोन आला होता, अगदी दबक्या आवाजात. म्हणाला, माझ्याबरोबर एक मित्र असेल, तो मोठा नावाजलेला शिकारी आहे. त्याला पत्ता लागू देऊ नका, नाहीतर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

गेलनने पट्टा दोन भोकं सैल केला. मग म्हणाला, "व्हर्ना, तुमच्याकडचे ते डोनट खाता येतात का?"

"काकवी नसलेले येतात."

त्याने तीन खाल्ले.

सोमवारी दुकानात लिंडन त्याच्याभोवती घुटमळत होता. शेवटी खोकून म्हणाला, "गेलन, समजा हं, नुसतं समजायचं. सहा दिवसांत अस्वल आलंच नाही, तर तुला फार वाईट वाटेल का रे?"

गेलनने हातातली फावडी एकावर एक नीट रचली. घाई केली नाही.

"वाईट तर वाटणारच," तो म्हणाला. "पण तुझ्यासाठी सोसेन."

लिंडनने इतका मोठा श्वास सोडला की काउंटरवरची बिलं हलली.

शिकारीचा आठवडा आला, आणि पाच दिवस दोघे नऊ नंबरच्या लपणात बसले. ओढा वाहत होता, कोरीनने दिलेले सँडविच होते, बंदुका लपणाच्या फांद्यांना टेकवलेल्या होत्या आणि गोळ्या डब्यात, सँडविचच्या खाली. एवढा आराम दोघांना लग्नानंतर मिळाला नव्हता. सहाव्या संध्याकाळी समोरच्या झुडपात काहीतरी जोरात सळसळलं. मग एक फांदी मोडली.

झुडपातून रॅकून बाहेर आला, पिंपातला एक डोनट घेतला आणि निघून गेला. गेलनने खाली पाहिलं. लिंडनचा हात त्याच्या हातात होता, किंवा त्याचा लिंडनच्या. कुणी आधी धरला हे सांगणं कठीण होतं.

"रॅकून होता," लिंडन म्हणाला.

"हो."

"गेलन, तू आजवर किती मारलीस रे? खरं सांग."

"आधी तू सांग."

लिंडनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एकही नाही," तो म्हणाला.

"मीही नाही."

लिंडन वळून त्याच्याकडे बघतच राहिला. आधी त्याचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग दोघे इतके हसले की अकरा वर्षांत चुकून एखादं अस्वल तिकडे यायला निघालं असेल, तर तेही परत गेलं असेल. हसून झाल्यावर डोळे पुसत लिंडनने राहिलेलं सँडविच अर्धं अर्धं केलं.

"व्हर्नाला आजच सांगून ठेवू या," तो म्हणाला. "पुढच्या वर्षासाठी. ही जागा लवकर जाते म्हणे."