कायमचा चॅम्पियन

रविराज सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभा असला, तरी मनाने कायम कॅरमबोर्डावर असायचा. कॉलनीच्या श्रावण महोत्सवातला अंतिम सामना सोमवारी संध्याकाळी; आणि याचा फ्लेक्स सकाळपासूनच चौकात! गॉगल लावलेला रविराज, मागे वाघ, खाली हातभर अक्षरांत ‘चॅम्पियन’.

"अहो, पण अजून जिंकलात कुठे?" बायकोने, ज्योत्स्नाने, विचारलं.

त्यावर त्याने तिची शिकवणीच घेतली. विजेता म्हणे जिंकल्यावर होतो. चॅम्पियनचं तसं नसतं, तो रक्तातूनच असतो, कायमचा. एखादा सामना इकडेतिकडे झाला म्हणून काही पद जात नाही. शब्द वापरायचा तर कळून वापरावा.

"समोर आई आहे, एवढं कळलं तरी पुरे," ज्योत्स्ना म्हणाली.

खरी गोम तीच होती. दिंडोरीकडच्या चांगुणाबाई कांद्याची चाळ भरून लेकीकडे राहायला आल्या, माणसं कमी पडताहेत म्हणून स्पर्धेत नाव दिलं, आणि भल्याभल्या तरण्याताठ्यांना घरी पाठवत अंतिम सामन्यात येऊन बसल्या. रविराज मात्र निर्धास्त. अधिक महिन्यात जावयाचे पाय धुऊन चांदीचा दिवा देणारी सासू त्याला भरचौकात हरवेल होय?

तरी दुपारी त्याने खात्री करून घेतली. श्रावणी सोमवारचं मौन धरून सासूबाई डोळे मिटून जपाला बसल्या होत्या. सुपरवायझरसाहेब येणार आहेत, फ्लेक्स लागलाय, जावयाची लाज आता तुमच्या हातात, असं त्याने हळूच कानाशी सांगितलं. "तेवढं सांभाळून घ्याल ना?"

सासूबाईंची मान हलली. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा हलली. तिसऱ्यांदा तर विचारायच्या आधीच हलली! माळेच्या प्रत्येक मण्याला आईची मान हलते, हे ज्योत्स्नाने सांगितलं असतं. पण चॅम्पियन कुणाला विचारत नसतो.

संध्याकाळी सासूबाईंनी पदर खोचला आणि सोंगट्या अशा घेत सुटल्या, जशा चुलीवरच्या भाकरी उतरवाव्यात. रविराज खाकरला, डोळे मिचकावले, शेवटी स्वतःच मान हलवून पाहिली. सासूबाईंची मान खांबासारखी. राणीही गेली. साहेब एकदा बोर्डाकडे, एकदा फ्लेक्सकडे बघत राहिले.

जेवणं झाली, मौन सुटलं.

"तुम्ही तर हो म्हणाला होतात," रविराज पुटपुटला.

"मी? मी तं महादेवाचं नाव घेत व्हते, जावईबापू. तो फ्लेक्स उतरवला का?"

"उतरवतो."

"फाडू नका. चाळीवर टाकायला लय कामाचा हाय. कायमचा हाय म्हणत व्हते ना? मंग यंदाचा पाऊस काढीनच."

चेहऱ्याची बाजू खाली ठेवाल ना, एवढंच रविराजने विचारलं.

"वर," सासूबाई म्हणाल्या. "कावळे तरी बसायचे नाय."