गणबाजींनी विणलेला हिंदुस्थान

हिंदुस्थान पाहायला निघण्याआधी तो विणून घ्यावा लागतो, असे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. गणबाजी पराते. माझ्या भिंतीला भिंत लावून त्यांचे घर, आणि त्या घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला माग. खड्ड्यात पाय सोडून ते सकाळपासून रात्रीपर्यंत खटाक-खट करत बसत. माझी मुले त्या आवाजावर झोपत आणि तो थांबला की दचकून जागी होत.

गणबाजींनी उभा जन्म लुगडी विणली. इतवारीचे व्यापारी ती उचलत आणि कुठल्या कुठल्या बाजारांत पाठवत. लुगडी हिंडून आली, गणबाजी मात्र एका बाजूला लकडगंज आणि दुसऱ्या बाजूला कामठी यांच्यापलीकडे गेले नव्हते. मद्रासची गाडी, दिल्लीची, कलकत्त्याची, मुंबईची, सगळ्या आमच्या नागपूरच्या स्टेशनावरून जातात. ते एकदा मला म्हणाले, "साऱ्या देशाच्या गाड्या आपल्या दारावरून जाऊन राहिल्या, अन् आपण एकीत बी बसलो नाही. बरं दिसत नाही, बाबूजी." आणि त्या दसऱ्याला, आपट्याची पाने हातात घेऊन, त्यांनी साऱ्या गल्लीला सांगून टाकले की पुढल्या दसऱ्याला मी खरोखरची सीमा ओलांडणार. सारा मुलूख पाहून येणार.

बाबूजी म्हणजे मी. सरकारी कचेरीतला कारकून. माझ्याबद्दल एवढेच सांगतो की मी स्वभावानेच अपराधी माणूस आहे. रस्त्यात कुणी घसरून पडले की केळ्याचे साल आपणच टाकले असावे असे मला वाटते. नागपूरची राजधानी गेली, निम्मी कचेरी भोपाळला आणि निम्मी मुंबईला हलली, तेव्हाही माझ्याच टेबलावर एखादी फाईल राहून गेली असावी अशी मला कित्येक दिवस शंका होती. असा माणूस शेजारी असला की लोक त्याला हक्काने कामाला लावतात. गणबाजींनी मात्र मला कधी काही सांगितले नाही. ते फक्त म्हणत, "बाबूजी, रविवारी जरा अजनीकडे जाऊन राहिलो," आणि दारात उभे राहत. मी आपला चपला घालत असे.

अजनीला रेल्वेच्या चाळीत एक मद्रासी गार्ड राहत होते. गणबाजींची तयारी त्यांच्यापासून सुरू झाली. मी बरोबर रेल्वेचे वेळापत्रक घेतले होते. कुठे उतरावे, काय पाहावे, धर्मशाळा कुठे, असे प्रश्न मी मनाशी जुळवले होते. गणबाजींनी एकही विचारू दिला नाही. गार्डसाहेबांना नमस्कार करून ते म्हणाले, "तुमच्या मुलखाचा रंग कोणता?"

गार्डसाहेब माझ्याकडे पाहू लागले. मी हिंदीत, मग इंग्रजीत समजावले. ते देवळांची नावे सांगू लागले, समुद्र सांगू लागले. गणबाजी मान हलवत राहिले. "रंग सांगा. बाकी मी पाहून घेतो." शेवटी आतून त्यांची बायको आली आणि म्हणाली, लाल. तिच्या गावच्या देवळाच्या भिंतीवर पांढरे आणि लाल पट्टे होते, पण पावसानंतर पांढरा धुऊन जायचा आणि लालच उरायचा. गणबाजी खूश झाले. परतताना त्यांनी इतवारीत सूत घेतले. दुसऱ्या दिवशी मागावर चादर चढली आणि तिचा पहिला पट्टा लाल पडला.

प्रवासाची चादर ही अशी. जिथे जायचे तिथल्या माणसाला रंग विचारायचा, तो विणायचा, आणि चादर पुरी झाली की ती अंथरून गाडीत बसायचे. नकाशा त्यांना कळत नव्हता असे नाही. मी घरी भिंतीवर लावलेला नकाशा त्यांनी पुष्कळदा पाहिला होता. त्यावरचा त्यांचा शेरा असा होता की कारागिराने रंग बरे टाकले आहेत, पण विचारून टाकलेले नाहीत.

दुसरा रंग सीताबर्डीला मिळाला. तिथे फाळणीनंतर आलेल्या एका सरदारजींचे कापडाचे दुकान होते. त्यांनी क्षणाचा विचार न करता सांगितले, पिवळा, सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या फुलांचा. गणबाजींनी पिवळा विणला. मग महिन्याभराने गप्पांत कळले की सरदारजींचे गाव आता आपल्या बाजूला राहिलेलेच नाही. मी चरकलो. पट्टा तर विणून झाला होता. गणबाजी म्हणाले, "अमृतसरवरी जाऊ. तिथून पिवळं दिसते का, पाहू."

तिसरा रंग धंतोलीच्या बंगाली डॉक्टरांनी दिला. हिरवा, तोही साधा नाही, तळ्यावरच्या शेवाळाचा. चौथा लकडगंजच्या एका कच्छी लाकूडवाल्याने. तो म्हणाला पांढरा, मिठाचा, नजर पोचेल तिथवर. घरी येताना मी सहज बोलून गेलो की नव्या व्यवस्थेत कच्छ आणि नागपूर आता एकाच मुंबई राज्यात आहेत. गणबाजी रस्त्यात थांबले. "म्हणजे कच्छ आपल्या घरचंच झालं? मग पाहाले काहून जाचं?" त्यांची समजूत काढायला मला लकडगंजपासून गांधीबागेपर्यंतचा रस्ता लागला.

आता ज्याला वेळापत्रक वाचता येते त्याच्या ध्यानात घोटाळा आला असेल. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. रंग ज्या क्रमाने मिळाले त्या क्रमाने विणले गेले, आणि विणले त्याच क्रमाने जायचे होते. म्हणजे नागपूरहून आधी मद्रास, तिथून एकदम अमृतसर, मग कलकत्ता, आणि मग देश आडवा कापून कच्छ. मी रात्रीचे जेवण बाजूला ठेवून त्यांच्यापुढे वेळापत्रक उघडले. मद्रासहून अमृतसरला जाताना गाडी परत नागपूरवरूनच जाते. कलकत्त्याहून कच्छकडे जातानाही नागपूरवरूनच. हे शहाण्या माणसाचे काम नाही. पिवळा पट्टा उसवा आणि पांढऱ्यानंतर घ्या.

गणबाजींनी शांतपणे ऐकून घेतले. "विणलं ते उसवत नाही, बाबूजी. ज्यानं जेव्हा सांगितलं, तेव्हाच त्याचा नंबर लागला. आता सरदारजीले मांगं कसा ढकलू?" मग जरा विचार करून त्यांचा चेहरा उजळला. "अन् मधात दोनदा घर लागते, हे तं चांगलंच आहे. अंघोळ करू, धोतर बदलू, पुढची गाडी धरू. तुमच्या वेळापत्रकाले हे सुचलं नव्हतं."

ही बातमी गल्लीत पोचवली ती शामराव शिंप्याने. गणबाजींच्या सामानाची पिशवी शिवायचे काम त्याच्याकडे होते, आणि कापडापेक्षा माणसाला टाचणी लावण्यात त्याचा हात जास्त चाले. रोज सकाळी तो दारातूनच ओरडे, "काय गणबाजी, कुठवर आले?" गणबाजी मागावरून उत्तर देत, "कलकत्त्यात आहो. उद्या येजो." शामराव विचारे, "मधात अंघोळीले थांबणार, तं पाणी तापवून ठेवू का?" सारे हसत. खरे सांगायचे तर मीही हसलो आहे, आणि हसून झाल्यावर प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आहे. दोन्हींचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

गणबाजींचा निश्चय मात्र तसूभर हलला नाही. प्रवासाची सवय हवी म्हणून ते सीताबर्डीच्या मद्रासी हॉटेलात जाऊन इडली खाऊन आले. "भाताले मार देऊन मऊ केलं आहे," असे म्हणाले, पण पानात टाकली नाही. गाडीत बसून झोपावे लागते म्हणून ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या बसल्या झोपू लागले. हमाल मिळाला नाही तर, म्हणून वळकटी खांद्यावर टाकून सकाळी गांधीबागेला चकरा मारू लागले. मी बरोबर असे. वळकटी त्यांच्या खांद्यावर आणि संकोच माझ्या.

चादर पुरी झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. पाहतो तर गणबाजींनी ती मागावरून उतरवलीच नव्हती. बोटभर ताणा, म्हणजे उभे सूत, मोकळा सोडून त्यांनी परत लाल पट्टा सुरू केला होता. दुसरी चादर. हुबेहूब तीच.

मला एकदम गलबलून आले. गणबाजींची बायको गिरजाबाई जाऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. या घरात सूत त्या कांडीवर भरत आणि ते विणत, अशी दोघांची जन्माची जोडी. ही दुसरी चादर कुणाची, हे विचारायची मला गरजच वाटली नाही. गेलेल्या माणसाला मनाने बरोबर घेऊन निघालेला हा गृहस्थ, आणि आम्ही त्याला हसतो. मी पेढ्यांचा पुडा ठेवून घरी आलो.

तरी कारकुनाची खोड जात नाही. पिवळ्यापर्यंत येण्याआधी मी एकदा सुचवून पाहिले, की निदान ही दुसरी तरी नीट रस्त्याने विणा. गणबाजींनी आडवा दोरा नेणारा धोटा थांबवला. "दोन चादरी अन् दोन रस्ते? मग सोबत कायची राहिली?" यावर मी डोळे पुसले. ते माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहत राहिले.

दुसरी चादरही झाली. दसरा जवळ आला. शामरावने पिशवी आणून दिली, आणि ती दुप्पट मोठी काहून सांगितली म्हणून विचारत बसला. सगळे तयार असताना गणबाजी मात्र हलेनात. एकदा म्हणाले, गुडघा धरला आहे. एकदा म्हणाले, घर बंद ठेवले तर मागाच्या दोऱ्या उंदीर खातील. गल्लीत बोलू लागले की गणबाजी गाडीला भ्यायले. शामरावने पैज लावली, की हा माणूस या दसऱ्याला स्टेशनाची पायरी चढत नाही.

माझ्या अंगी निश्चय असा क्वचितच येतो. त्या संध्याकाळी आला. गणबाजी मागाच्या काठावर बसले होते, दोन्ही चादरी मांडीवर. मी उभ्यानेच म्हणालो, "गणबाजी, हे आता पुरे झालं. उंदरांकडे मी पाहतो. उद्या सकाळी स्टेशनावर जाऊन तुमचं तिकीट काढून आणतो. मद्रासचं, तुमच्याच रस्त्यानं. एक तिकीट."

"एक?" ते म्हणाले.

धोटा चालता चालता दोरा तुटला की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला. मी मनात म्हटले, आली ती वेळ. त्यांच्याजवळ बसलो आणि जमेल तितक्या हळुवारपणे म्हणालो, की दुसरी चादर गिरजाबाईंची आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि त्या चादरीला काही तिकीट लागत नाही.

गणबाजींनी मान वर केली. "गिरजेची? तिले प्रवास सोसे काय? कामठीले लग्नाले गेलो तं टांग्यात ओकली. अर्ध्या वाटेवरी बी पोचलो नव्हतो. शेवटवरी म्हणे, तुम्हाले कुठं जाचं असंल तं जा, मी दार राखीन." मग ते चादरीच्या टोकाच्या सुट्या दशा चाचपू लागले. "एकट्यानं पाहून काय करू, बाबूजी? पाहिलं ते दाखवाले कोणी लागते. तुम्ही अजनीले आले. बर्डीले आले, धंतोलीले आले. दर रविवारी, न सांगता आले. मले वाटलं, तुम्ही येऊनच राहिले."

मी विचारले, "मग एकदा म्हणायचं नाही का?"

"तुम्ही कचेरीतले मोठे माणसं. कोष्ट्याच्या चादरीवर बसा म्हणायले तोंड पाहिजे ना." आणि वरची चादर त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "विणून ठेवली. म्हटलं, आपणच इचारतील."

मी घरी आलो ते चादर काखेत घेऊन. माझ्या पत्नीने ती उलगडून प्रकाशात धरली, लालावरून हात फिरवला, आणि मी काही सांगण्याआधीच म्हणाली, "जा एकदाचे. रजा साठवून कुणाला देणार आहात? घरी बसून नाही ते अपराध मोजता, त्यापेक्षा गाव मोजा." कचेरीत मी रजेचा अर्ज टाकला. कारण या जागी काय लिहावे ते सुचेना. हेडक्लार्कला तोंडी सांगितले, की शेजाऱ्याने वाट धरली आहे आणि माझ्यावाचून ती पुरी होत नाही. ते राजधानी गेल्यापासून प्रथमच हसले आणि त्यांनी सही केली.

दसऱ्याला आपट्याची पाने वाटून झाल्यावर आम्ही निघालो. सारी गल्ली स्टेशनावर आली, शामरावसुद्धा. पैज हरल्याचे त्याला दुःख दिसले नाही. त्याने गणबाजींच्या पिशवीला आयत्या वेळी एक जादा बंद शिवून आणला होता, आणि तो बांधून देताना एकदाही थट्टा केली नाही. फक्त म्हणाला, "अंघोळीले याल तं आवाज द्या गा."

डब्यात चढल्यावर गणबाजींनी दोन्ही वळकट्या सोडल्या. मागावर कापड गुंडाळत जाते तेव्हा पहिला पट्टा अगदी आत जातो आणि शेवटचा वर राहतो. गणबाजींनी घरी बसून ते उलटे गुंडाळले होते, माझेही. बाकावर त्यांनी शेजारी शेजारी दोन लाल पट्टे पसरले आणि बाकीची गुंडाळी पाठीशी तशीच ठेवली.

"बाकीचं जसं येईल तसं उलगडू," ते म्हणाले.

गाडीने शिटी दिली. अजनीची चाळ मागे गेली. मी अजून उभाच होतो, दांडी धरून, सवयीने. गणबाजींनी माझ्या चादरीवरची सुरकुती हाताने मोडली आणि खिडकीतून बाहेर पाहतच म्हणाले, "बस ना गा."

मी बसलो.