रायफलीस मंजूर तेल

सन १९९३च्या जून महिन्यात जल-सुरक्षा मंडळाने बारवी धरणावरच्या आपल्या पहारा चौकीस एक अर्धस्वयंचलित रायफल, तीस गोळ्या आणि हे सगळं सांभाळायला श्री. कमळाकर भोईर असा ऐवज रीतसर सुपूर्द केला. अर्धस्वयंचलित म्हणजे निम्मं काम रायफल आपलं आपण करते. उरलेलं निम्मं मंडळाच्या परवानगीनं होतं.

कमळाकर चामटोलीचा. नऊ वर्षं बदली पहारेकरी. आता कुठे फायलीवर शेरा पडला होता की ऑगस्टातल्या तपासणीत पाच गोळ्या न अडकता सुटल्या तर कायम करावे, नाहीतर कमी करावे. त्यामुळे पाच आकडा आला की तो ‘चार आणि एक’ म्हणायचा. त्यात बारवीचा पाऊस. पंधरा दिवसांत रायफल अशी आखडली की खटका मागे ओढायला कमळाकरला एक पाय भिंतीला लावावा लागे.

सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘हलत्या भागांस योग्य ते वंगण द्यावे.’ योग्य कुठलं, ते लिहिणाऱ्यानं शहाणपणानं टाळलं होतं. आणि मंडळाच्या नियमात अनधिकृत वंगण म्हणजे शस्त्राशी छेडछाड, शिक्षा बडतर्फी. कमळाकरनं झक मारत अर्ज केला.

अंबरनाथच्या कार्यालयात देवस्थळी साहेबांनी तो दोनदा वाचला. साहेबांच्या डोक्यावर एक केस नव्हता, पण नियम एकूण एक डोक्यात होते.

“भोईर, तेल की ग्रीस हा धोरणात्मक प्रश्न आहे. मी उपसमिती नेमतो. तुम्ही तीन नमुने आणि तीन कोटेशनं आणा.”

कमळाकर उल्हासनगरला गेला. कॅम्प दोनच्या बाजारात परसराम शेठचं तेल-ग्रीसचं दुकान होतं. शेठनं ऐकून घेतलं आणि गल्ल्याखालून तीन वेगवेगळ्या दुकानांची लेटरहेडं काढली.

“भाऊ, फिरतो कशाला? सामनेवाल्याचा कागद माझ्याकडे, माझा त्याच्याकडे. सगळा कॅम्प असाच चालतो. हे घे ग्रीस. हे शिलाई मशीनचं तेल.”

“शेठ, तिसरं?”

शेठनं दुकानभर नजर फिरवली. मग स्वतःच्या कपाटातली आवळ्याच्या केसतेलाची बाटली काढून ठेवली. “तीन पायजेल ना? झाले तीन.”

उपसमितीत साहेब आणि त्यांचे लिपिक सुदाम होते. ग्रीसचा नमुना पहिल्याच बैठकीत बाद झाला, कारण साहेबांनी बोट बुडवून पाहिलं आणि त्याच बोटानं फाईल पुढं सरकवली. फाईलची पानं एकमेकांना चिकटली आणि प्रकरण आठ दिवस उघडता आलं नाही. शिलाई मशीनच्या तेलावर सुदामनं शेरा लिहिला, ‘सदर तेल गृहिणींच्या वापरातील असून शस्त्राच्या प्रतिष्ठेस बाधक.’

मग साहेबांनी तिसरी बाटली उचलली, चष्मा लावला आणि लेबल मोठ्यानं वाचलं. “मुळांपर्यंत पोचते. घर्षणाने होणारी गळती थांबवते.”

“साहेब,” कमळाकर भीत भीत म्हणाला, “ते केसांचं हाय. रायफलीला केस नसतात.”

“केस मलाही नाहीत, भोईर. म्हणून मी निःपक्षपाती आहे. बाकीच्या दोन तेलांनी असं काही लेखी दिलंय का?”

दिलं नव्हतं. केसतेल एकमतानं मंजूर झालं. पण बाटली हाती पडेना, कारण आता सुदामला हलत्या भागांची यादी हवी होती. कमळाकरनं यादी दिली. सुदाम चौकीवर येऊन एकेक भाग ढकलून गेला आणि यादी परत आली. शेरा होता, ‘प्रत्यक्ष पाहणीत एकही भाग हलत नाही. सबब वंगणास पात्र नाही.’

“अहो, तेल नाय म्हणून हलत नाय,” कमळाकर कळवळून म्हणाला.

“आणि हलत नाही म्हणून तेल नाही. मी काय वेगळं लिहिलंय?” सुदाम म्हणाला.

शेवटी कमळाकरनं बदलापूरला वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं की सदर भाग पूर्वी हलत असत व संधी मिळाल्यास पुन्हा हलतील. तेव्हा कुठे तेल मिळालं. त्यानं नियमाप्रमाणे एकेका भागाला तीन-तीन थेंब दिले. चौकी घमघमली. दुसऱ्या दिवशी रायफलीत मुंग्या झाल्या, धूळ बसली, आणि आता खटका दोन्ही पाय लावूनही हलेना.

तपासणीच्या सकाळी बायको, जनी, डबा घेऊन चौकीवर आली तेव्हा कमळाकर रायफल मांडीवर घेऊन रडकुंडीला आला होता. जनी गावातली पोलकी शिवायची. तिनं रायफलीचा वास घेतला.

“हिला न्हायला घातलीव का?”

“मंजूर तेल हाय.”

“मग मंजूर माणसांच्या डोक्याला लावा. पुसा ती आधी.” तिनं पिशवीतून आपल्या मशीनची कुपी काढली. “चार थेंब. माझी मशीन बारा वरसं चालतेय, तिनं कंदी अर्ज नाय केला.”

बडतर्फीची भीती होतीच, पण कमळाकरनं रायफल पुसून चार थेंब बरोबर सोडले.

चार वाजता ठाणे कार्यालयाचे मोठे साहेब आले. पाचच्या पाच गोळ्या सुटल्या. मोठे साहेब भलतेच खूश झाले. “कोणतं वंगण वापरता?”

सगळे कमळाकरकडे बघू लागले. खरं सांगावं तर आज घरी, न सांगावं तर आज कायम.

“समितीनं मंजूर केलेलं, साहेब,” तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो कायम झाला. देवस्थळी साहेबांना बढती मिळाली. केसतेल मंडळाच्या सगळ्या चौक्यांना लागू झालं. हल्ली तिथले पहारेकरी ते डोक्याला लावतात आणि रायफलीसाठी घरून दुसरं आणतात. एकही रायफल अडकत नाही, म्हणून धोरण यशस्वी असल्याचा अहवाल दरसाल वर जातो.

तुम्ही म्हणाल, सरकारी खाती अशीच. खरं आहे. तुमच्या ऑफिसात तसलं काही नाही. तिथं सगळं सुरळीत चालतं, आणि कोण घरून काय आणून घालतो म्हणून चालतं, हे तुम्ही आजवर कुणाला विचारलेलं नाही. तुम्ही फक्त अहवालावर सही करता.