मालन हरिणीचं नितळ पाडस

एका जंगलात चितळांचा एक कळप राहत होता, आणि कळपातल्या प्रत्येकाकडे मोबाइल होता. मोबाइल कुठून आले, ते चार्ज कुठे करत, असलं काही विचारू नका. गोष्टीतला कोल्हा शुद्ध मराठी बोलतो तेव्हा तुम्ही गप्प बसता ना? मग आताही बसा.

या कळपात मालन नावाची हरिणी होती. तिला नुकतंच पाडस झालं होतं. तांबूस अंगावर पांढरेशुभ्र ठिपके, जणू चांदणंच सांडलंय. म्हणून तिनं त्याचं नाव चांदू ठेवलं. चितळाचं पाडस असंच असतं, बाळांनो. झाडाखालच्या कवडशांत ते अंग चोरून बसलं, तर वाघालाही दिसत नाही.

आता जे वाघाला दिसत नाही, ते मोबाइलला तरी कसं दिसावं? मालननं हौसेनं चांदूचा पहिला फोटो काढला. त्यात गवत होतं, ऊन होतं आणि कुठेतरी चांदू होता. तिनं तो कळपाच्या ग्रुपवर टाकला. एका मावशीनं लगेच विचारलं की गवत छान आहे, कुठल्या कुरणातलं?

मालनला हे फार लागलं. लागणारच, आई होती ती.

म्हणून ती हुप्पे सरांच्या वर्गाला जाऊ लागली. हुप्पे सर म्हणजे एक वयस्कर वानर. ऐनाच्या फांदीवर बसून ते मोबाइलनं उत्तम फोटो कसे काढावेत हे शिकवत. स्वतः सरांचे फोटो हललेले येत, कारण फांदी हलायची. पण शिकवणाऱ्याला ते माफ असतं.

सर शिकवत ते खोटं नव्हतं, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. आधी लेन्स पुसा, म्हणाले. सगळ्यांनी शेपटीनं पुसली आणि निम्मं धुकं तिथंच गेलं. भर दुपारी फोटो काढू नका, सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन धरा. लहान मुलाचा फोटो वरून काढू नका, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला खाली बसा. आणि झूम करू नका, उठून जवळ जा. हा नियम एका उत्साही सशानं बिबट्याच्या बाबतीत पाळला. फोटो अप्रतिम आला म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्गात बसायला जरा ऐसपैस झालं.

शेवटी सरांनी 'सुंदर' नावाचं बटण दाखवलं. ते दाबलं की मागचं सगळं पुसट होतं, डोळे टपोरे होतात आणि अंगावरचे डाग जातात.

"सर, पण ठिपक्यांचं काय?" मालननं भीत भीत विचारलं.

"ते आपण ठरवायचं नसतं," सर म्हणाले. "मोबाइलला जे डाग वाटतात, ते डाग."

मालननं बटण दाबलं. मोबाइलला ठिपके डागच वाटले.

तो फोटो ग्रुपवर गेला आणि कळपात एकच गलका झाला. काय नितळ पाडस! काय ते डोळे! शेजारची कावेरी हरिणी म्हणाली की दृष्ट काढ गं बाई. मालन त्या दिवशी चरलीच नाही, तिचं पोट फोटो बघूनच भरलं. मग रोज एक नवा फोटो. चांदू नदीकाठी, चांदू वारुळाशेजारी, चांदू शिंकताना. प्रत्येक फोटोत टपोऱ्या डोळ्यांचा, एकही ठिपका नसलेला चांदू.

मग कावेरीनंही वर्ग लावला आणि तिचं पाडसही नितळ झालं. पाहता पाहता सगळ्या कळपाची पाडसं नितळ झाली. गंमत बघा, प्रत्येक आईला आपलं बटण माहीत होतं. पण शेजारणीचं पोर जन्मतःच नितळ आहे, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. त्यामुळे कुणीच आपलं पाडस चारचौघांत आणेना. कशाला उगाच? बघायचं असेल त्यांनी मोबाइलवर बघावं. पाडसांचे बाप वरच्या माळावर चरायला जात, तेही मुलांची ख्यालीखुशाली ग्रुपवरच बघत.

एका संध्याकाळी ऊन फार सुरेख पडलं होतं. मालन चांदूला घेऊन गवताच्या कडेला गेली. जरा मागं हो, म्हणाली. चांदू मागं झाला. आणखी थोडा. चांदू आणखी मागं झाला. फोटो छान आला. मालन तिथंच बसून त्याच्या मागचं गवत पुसट करू लागली. तिनं मान वर केली, तेव्हा चांदू त्या गवतात दिसेनासा झाला होता.

इथे हसू नका, बाळांनो. मालन खरंच रडली. घसा बसेपर्यंत तिनं हाका मारल्या. रात्रभर तिनं रान पालथं घातलं आणि पहाटे ग्रुपवर चांदूचा फोटो टाकून लिहिलं, 'माझं बाळ हरवलंय.' त्यावर आधी बरेच लाल बदाम आले. कुणी विचारलं की हा उजेड कसा पकडलास? खालची ओळ वाचायला कळपाला थोडा वेळ लागला.

वाचल्यावर मात्र सगळं जंगल कामाला लागलं. मोबाइलमध्ये फोटो धरून मुंगूस शोधायला निघाला. करवंदीच्या जाळीखाली त्याला एक ठिपक्यांचं पाडस मुसमुसत बसलेलं दिसलं. मुंगसानं फोटो बघितला, पाडस बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग त्यानं पाडसाची समजूत घातली की रडू नकोस, तुझी आईही तुला शोधत असेल, पण आम्ही सध्या दुसऱ्याला शोधतोय. तरी मुंगूस मनाचा चांगला. जाता जाता त्यानं पाडसाला रानकोतवाल अस्वलाकडे पोचवलं.

कोतवालाच्या वडाखाली त्या दिवशी आणखी एक पोर आलं होतं. ते गावाकडून चुकून आलेलं शेळीचं करडू होतं. तांबूस, टपोऱ्या डोळ्यांचं आणि अंगावर एकही ठिपका नसलेलं.

मालन धावत आली. मागोमाग सगळा कळप आला आणि सगळ्यांनी मोबाइल वर धरले. अस्वलानं दोन्ही पोरं पुढे उभी केली आणि फोटो हातात घेतला. फोटोत आणि करडात तसूभर फरक नव्हता. करडाचे कान थोडे लांब होते, पण फोटोत कान पुसटच आले होते.

तेवढ्यात ठिपक्यांचं पाडस पुढे आलं आणि मालनच्या पोटाशी नाक घासू लागलं.

मालनला वास आला. तिच्या दुधाचा, तिच्या गवताचा, तिच्या चांदूचा वास. डोळे मिटून तिनं मान खाली घातली. आता फक्त त्याला चाटायचं होतं, बस.

"अगं बाई," कावेरी म्हणाली, "पण तुझ्या चांदूला तर एकही डाग नव्हता ना?"

सगळे मोबाइल मालनकडे वळले. होते म्हणावं, तर इतक्या दिवसांचे सगळे फोटो खोटे ठरत होते. एकीनं जरी तिथं खरं सांगून टाकलं असतं, तरी साऱ्या कळपाची सुटका झाली असती. त्या घोळक्यातल्या प्रत्येक आईच्या घरी एकेक ठिपक्यांचं पोर लपून बसलेलं होतं. पण आधी कुणी बोलायचं?

"आई, मीच आहे," चांदू म्हणाला.

मालननं डोळे उघडले.

"हा नव्हे," ती म्हणाली. "माझा तो दुसरा."

कोतवालानं करडू तिच्या हवाली केलं. कळपानं टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. संध्याकाळी बाप माळावरून आला. त्यानं करडाकडे नीट पाहिलं आणि फोटोपेक्षा प्रत्यक्षात जरा वाळलेला वाटतो, एवढंच म्हणाला. करडानं पहिल्याच रात्री मोबाइलचं कव्हर खाल्लं. पण त्याचे फोटो काढायला बटणसुद्धा लागत नव्हतं, ही केवढी सोय!

आणि चांदू? वडाखाली तो एकटाच उरला. त्याच दुपारी करडाची आई शोधत शोधत तिथं आली. शेळीजवळ मोबाइल नव्हता आणि फोटोही नव्हता. तिचं करडू तिथं नव्हतं, हे तिला वासावरूनच कळलं. ती बराच वेळ बें बें करत उभी राहिली. मग रडून रडून हुंदके देणाऱ्या त्या पाडसाला तिनं हुंगलं. हे आपलं नव्हे, हेही तिला कळलं. तरी तिनं त्याला दूध पाजलं आणि घेऊन गेली. अडाणी होती बिचारी.

आता कधी कधी उन्हं उतरताना ती शेळी पलीकडच्या काठावर पाण्याला येते. तिच्या मागून ठिपक्यांचं पाडस उड्या मारत येतं. परवा कावेरी आणि मालन अलीकडच्या काठावर उभ्या होत्या. कावेरीनं पलीकडे पाहिलं आणि नाक मुरडून म्हणाली, "त्या शेळीचं पोर किती डागाळलेलं आहे गं."

पाणी ओलांडून पळत जावं आणि त्याला चाटून चाटून काढावं, असं मालनला वाटलं.

"हो ना," ती म्हणाली.

तात्पर्य : पोर आणि फोटो जुळत नसतील, तर फोटो जिवापाड जपावा. पोरं काय, जंगलात पुष्कळ आहेत.