रेवा जेवली का?

आमच्या शाळेत खिचडीची दुसरी पळी हवी असेल तर आधी पुस्तकाबद्दल मत द्यावं लागतं. हा नियम सरकारचा नाही, शेवंतामावशींचा. पिंगळीच्या आमच्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवतात. भरलेली पळी ताटावर अधांतरी धरून विचारतात, "बोल. कसं वाटलं पुस्तक?" पोरगं बोलेपर्यंत पळी काही खाली येत नाही.

पुस्तक म्हणजे एकच. शाळाशाळांतून फिरणाऱ्या पुस्तकपेटीत एक कादंबरी आली आणि पोरं तिच्यावर अशी तुटून पडली की आठवड्यात पुठ्ठा सुटला. राक्षस रेवाच्या आईचा आवाज चोरून नेतो आणि तो परत आणायला रेवा उडत्या मेंढ्यावर बसून ढगांपलीकडं जाते, अशी ती गोष्ट.

"मेंढा लय भारी हाय," बिरू म्हणाला. त्याच्या घरी शंभर मेंढरं. "पण उडताना त्याची लोकर भिजत कशी न्हाई?"

"राक्षस उगंच रडायलाय," सानिकाचं मत. "मला त्याची दया आली न्हाई."

मावशी सगळं ऐकून घेतात आणि शेवटी आपल्या मुद्द्यावर येतात. "ते जाऊ दे. रेवा जेवली का?"

पोरं एकमेकांकडं बघून खुसखुसतात.

"हसू नका. अकरा दिस झाले लेकराला घरून निघून. लिव्हणाऱ्यानं संग एक भाकर बांधून दिली न्हाई. मला लय फिकर लागली."

"ते शेवटी कळतंय मावशी. पण शेवट सांगायचा न्हाई, सरनं सांगितलंय."

सर म्हणजे मी. जो शेवट फोडेल त्याला महिनाभर पुस्तक नाही, असा कायदा मीच केला होता. खरं सांगतो, शेवट मलाही माहीत नव्हता. निम्मं वाचून झालं आणि वह्या तपासायला आल्या. पण मास्तराला असलं कबूल करता येतं का?

फिकर हा मावशींचा धंदाच म्हणा. गॅस बंद केला की नाही हे तीनदा बघतात. एखादं पोरगं गैरहजर असलं की त्याच्या घरी निरोप जातो. त्यांची मुलगी पुण्याला कंपनीत आहे, कधीमधी मधल्या सुट्टीत तिचा फोन येतो. "जेवलीस का?" मावशी विचारतात. तिकडून "हो, ठेवते" येतं आणि फोन बंद होतो. मावशी मग घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतात.

शुक्रवारी मी वर्गात सांगितलं की उद्या पेटी पुढच्या शाळेला जाणार. त्या दिवशी खिचडी बुडाला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी पेटी भरायला घेतली तर ती कादंबरीच नाही. पुस्तक हरवलं म्हणजे लेखी खुलासा मलाच द्यावा लागणार. डोकं फिरलं आणि मी सगळ्यांची दप्तरं झाडायला लावली. चिंचा निघाल्या, गोट्या निघाल्या, पुस्तक नाही. पुस्तकं नेल्याच्या नोंदवहीत शेवटचं नाव सानिकाचं होतं. "मी परत केलं होतं सर," एवढंच म्हणत ती रडायला लागली आणि मी मूर्ख तिच्यावरच ओरडत राहिलो.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पळी नव्हती.

"लेकराला बोलू नका सर. इकडं या."

कोठीच्या खोलीत त्यांनी तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक बाहेर काढलं.

मी थक्क झालो. "वाचायचं राहिलं होतं तर मागायचं ना मावशी."

"वाचता आलं आसतं तर लपवलं आसतं का?" त्या खाली बघत म्हणाल्या. "सही तेवढी शिकले. पोरायच्या तोंडून समदी गोष्ट गोळा केली, शेवट तेवढा ऱ्हायला. इचारायचा कोणाला? तुमीच बंदी घातलेली. आन आता पेटी चालली. म्हणलं, पुस्तक ऱ्हायलं तर कवातरी कोणी वाचून दाखवील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सानिकाला हाक मारली, सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. मग पालथ्या पातेल्यावर बसलो आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं. पोरं दारात गोळा झाली. आज कोणी खुसखुसत नव्हतं.

रेवा घरी येते. आईचा आवाज आईला देते. आई गळ्याला हात लावते, घाबरत घाबरत तोंड उघडते आणि पहिलं वाक्य बोलते, "रेवा, जेवलीस का गं?"

मी पान उलटलं. पुढं कोरं होतं.

"मंग? काय म्हणली ती?" मावशींनी विचारलं.

"पुस्तक इथंच संपतं, मावशी."

त्यांनी पुस्तकावरचे तांदळाचे दाणे पदरानं पुसले आणि ते माझ्या हातात दिलं.

"'हो' म्हणली आसंल," त्या म्हणाल्या. "माही लेक बी तेवढंच म्हणती."